डोके बाहेर, टोक आत

गोठलेल्या तळ्यावर माणसाला धड चालता येत नाही, मग तिथे मोटरसायकल कशी चालते? अमेरिकेतील मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगन, कॅनडातील ऑन्टारिओ आणि क्वेबेक, तिकडे स्वीडन आणि फिनलंड, या भागांत जानेवारीत डर्ट बाइक चालवणाऱ्यांचे व्हिडिओ पाहिले की हा प्रश्न हमखास पडतो. त्यातली गाडी जपून, पाय टेकवत चालत नाही. ती हँडल बर्फाला लागेल की काय इतकी वाकून वळण घेते.

गुपित टायरमध्ये असते. टायरवर दोन-तीनशे स्क्रू मारलेले असतात, आणि बहुतेकदा ते कारखान्यात नव्हे तर घरच्या गॅरेजमध्ये, हातातल्या ड्रिलने, एका संध्याकाळीत बसवलेले असतात. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे लगेच साळिंदरासारखे काटे बाहेर आलेला टायर येतो. प्रत्यक्षात चित्र उलटे आहे. स्क्रूचे टोक रबरात जाते आणि बाहेर राहते ते त्याचे डोके. टायर बर्फ पकडतो तो या डोक्याच्या कडेने.

१. हिम वेगळे, बर्फ वेगळा

मराठीत रोजच्या बोलण्यात दोन्हीला ‘बर्फ’च म्हणतात. आकाशातून पडून भुसभुशीत साचते तेही बर्फ आणि सरबतात घालतो तोही बर्फ. या विषयात मात्र ही गल्लत चालत नाही. येथे पडणाऱ्या, भुसभुशीत पदार्थाला हिम म्हटले आहे आणि पाणी गोठून झालेल्या कठीण पदार्थाला बर्फ.

हिमात डर्ट बाइकचा मूळचा टायर बऱ्यापैकी चालतो. आपल्याकडे गॅरेजमध्ये ज्याला ‘बटण टायर’ म्हणतात, तोच हा टायर. त्यावर रबराचे उंच, सुटे ठोकळे असतात. हे ठोकळे, म्हणजे बटणे, मातीत रुततात तशी हिमात रुततात. कठीण बर्फावर ती रुतू शकत नाहीत, वरच्यावर घसरतात. स्क्रूची गरज आहे ती या दुसऱ्या ठिकाणी: गोठलेली तळी, आणि वितळून पुन्हा गोठल्यामुळे काचेसारख्या झालेल्या रानवाटा.

२. बर्फ निसरडा का?

जुन्या पाठ्यपुस्तकांत याचे एक साधे उत्तर असे: पायाच्या दाबाने बर्फ वितळतो आणि पाण्याच्या पातळ थरावरून पाय सरकतो. दाबाने बर्फाचा वितळणबिंदू खाली येतो हे खरे, पण फारच थोडा. उणे २० अंशांतही बर्फ निसरडा असतो, त्याचा खुलासा यातून होत नाही. मायकेल फॅरडे यांनी १८५० मध्ये वेगळी कल्पना मांडली. बर्फाचे दोन तुकडे एकमेकांना टेकवले की चिकटतात. यावरून, गोठणबिंदूच्या खालीसुद्धा बर्फाच्या पृष्ठभागावर द्रवासारखा अतिशय पातळ थर असतो असे त्यांनी सुचवले. असा थर खरोखर असतो हे पुढे दिसून आले. घसरणाऱ्या वस्तूच्या घर्षणातून निघणारी उष्णता त्यात आणखी भर घालते.

व्यवहारात याचा अर्थ असा की शून्य अंशाच्या आसपासचा, वर पाणी सुटलेला बर्फ सर्वांत घसरडा असतो. कडाक्याच्या थंडीतला कोरडा बर्फ त्या मानाने बरा.

घर्षणांकाने हा फरक मोजता येतो. घर्षणांक म्हणजे वजनाच्या किती पट पकड मिळते तो आकडा. कोरड्या डांबरावर रबराचा घर्षणांक ०.७ धरला आणि बर्फावर ०.१, तर ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी ब्रेक लागल्यानंतर डांबरावर सुमारे ९ मीटरमध्ये थांबेल आणि बर्फावर सुमारे ६३ मीटरमध्ये. पहिले अंतर म्हणजे तीन रिक्षा-टेम्पोंची लांबी, दुसरे म्हणजे अर्ध्याहून अधिक फुटबॉलचे मैदान. ओल्या बर्फावर आकडा ०.१ च्याही खाली जातो.

३. वजन तेवढेच, दाब सहाशेपट

बोथट विळीवर कितीही जोर लावला तरी भोपळा चिरत नाही. धार लावलेल्या विळीवर तोच भोपळा हाताच्या वजनाने चिरतो. जोर तोच असतो, पण तो कमी जागेवर एकवटतो. दर चौरस सेंटिमीटरवर किती वजन पडते, त्याला दाब म्हणायचे.

एक ढोबळ हिशेब. गाडी आणि चालक मिळून मागच्या चाकावर १०० किलो भार आहे. टायर जमिनीला साधारण १०० चौरस सेंटिमीटर टेकला आहे. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला १ किलो. बर्फाला याचे काहीच वाटत नाही. आता त्याच टेकलेल्या भागात ८ स्क्रू आहेत आणि सारा भार त्यांच्यावर आला असे धरू. प्रत्येकाच्या वाट्याला साडेबारा किलो. स्क्रूच्या डोक्याची जी कड बर्फाला टेकते तिचे क्षेत्रफळ २ चौरस मिलिमीटर, म्हणजे ०.०२ चौरस सेंटिमीटर. भागाकार केला की दाब येतो दर चौरस सेंटिमीटरला ६२५ किलो.

बर्फ किती दाब सोसतो हे तापमानावर अवलंबून आहे. उणे १० ते उणे २० अंशांत ढोबळमानाने दर चौरस सेंटिमीटरला ५० ते २५० किलो. त्यामुळे कडेखालचा बर्फ चिरडतो आणि स्क्रू थोडा आत बसतो. कड जसजशी आत जाते तसतसा टेकलेला भाग वाढतो, दाब उतरतो आणि मग रबरही टेकते. भार नेमका असा वाटला जात नाही, पण आकड्यांचा आवाका हाच.

ही युक्ती टायरच्या आधीची आहे. आपल्याकडे बैलाच्या खुरांना पत्र्या ठोकतात त्या खूर झिजू नये म्हणून. थंड देशांत घोड्याच्या नालाला हिवाळ्यात मुद्दाम टोकदार डोक्याचे खिळे मारत, ते घसरू नये म्हणून. फिनलंडमध्ये मोटारीच्या हिवाळी टायरचा जो नामांकित प्रकार १९३६ मध्ये बाजारात आला, त्याचे नाव ‘हाक्कापेलिट्टा’. सतराव्या शतकात स्वीडनच्या राजाच्या सैन्यात लढणाऱ्या फिनिश घोडेस्वारांचे हे नाव. घोड्याचा वारसा टायरकडे आला, निदान नावापुरता तरी. त्या टायरला खिळे मात्र १९६० च्या दशकात लागले.

४. टोक बाहेर का नाही?

दाब वाढवायचा तर टोक बाहेर काढणे अधिक योग्य नाही का? बर्फात शिरणे एवढेच काम असते तर होय. पण गाडीला पुढे ढकलताना, थांबवताना आणि वळवताना जोर आडवा लागतो. गोठ्यातली खुंटी आठवावी. दावे खुंटीच्या बुडाशी, जमिनीलगत बांधले तर म्हैस कितीही ओढो, खुंटी हलत नाही. तेच दावे खुंटीच्या शेंड्याला बांधले की चार हिसक्यांत खुंटी ढिली होते. रबरातून दोन सेंटिमीटर बाहेर आलेले टोक म्हणजे शेंड्याला बांधलेले दावे. बर्फाचा प्रत्येक हिसका स्क्रूला मुळातून हलवतो आणि रबर ही काही काळी कसदार जमीन नव्हे.

षटकोनी डोके जेमतेम ३ मिलिमीटर उंच असते. त्याला सहा कोपरे आणि पेचकसासाठी मधोमध खाच. कोपरे आणि खाचेच्या कडा बर्फाला किसणीसारखे खरवडतात. बर्फावरच्या शर्यतींसाठी खास विकले जाणारे स्क्रू याच कल्पनेवर आहेत. त्यांचे डोके वाटीसारखे खोलगट, कडा उभ्या आणि पोलाद कडक केलेले असते. साध्या स्क्रूपेक्षा ते बरेच महाग पडतात आणि पैसे वसूलही करून देतात, कारण साध्या स्क्रूच्या कडा लवकर गोल होतात.

५. स्क्रूची निवड

लागतो तो पत्र्याचा स्क्रू: षटकोनी डोके, टोकापासून डोक्यापर्यंत आटे. जाडी ८ किंवा १० नंबर, म्हणजे साधारण ४.२ किंवा ४.८ मिलिमीटर. आपल्याकडे छपराचे पत्रे बसवायला जे सेल्फ-ड्रिलिंग स्क्रू वापरतात, ते येथे निरुपयोगी. त्यांच्या टोकाला छोटे ड्रिल असते. ते रबर कापून मोठे भोक पाडते आणि मागून येणाऱ्या आट्यांना धरायला काही उरत नाही. साध्या टोकाचा स्क्रू रबर बाजूला सारत आत जातो आणि सारलेले रबर त्याला चहूबाजूंनी आवळते. याच आवळण्यावर सगळा खेळ आहे. गोंद लागत नाही.

जाडीपेक्षा लांबीची चूक अधिक महाग पडते. समजा, मधले बटण १४ मिलिमीटर उंच आहे आणि त्याखाली टायरच्या अंगाची जाडी ५ मिलिमीटर. आतल्या ट्यूबपर्यंत एकूण अंतर १९ मिलिमीटर. अर्ध्या इंचाचा स्क्रू डोक्याखाली १२.७ मिलिमीटर भरतो, म्हणजे बटणातच राहतो. पाच-अष्टमांश इंचाचा १५.९ मिलिमीटर जातो. तो टायरच्या दोऱ्याच्या थरात शिरून उत्तम धरतो. पाऊण इंचाचा १९ मिलिमीटर, म्हणजे थेट ट्यूबच्या दारात. शिवाय कडेची बटणे मधल्यांपेक्षा बुटकी असतात. तिथे एक माप लहान घ्यावे लागते. प्रत्येक ओळीतल्या एका बटणाची उंची मोजून मगच स्क्रू विकत घेणे शहाणपणाचे.

टायर शक्यतो नवा किंवा थोडाच वापरलेला हवा. झिजलेला टायर ‘नाहीतरी टाकायचाच आहे’ म्हणून हिवाळ्यासाठी ठेवण्याचा मोह होतो. पण बुटक्या बटणात स्क्रूला मुळी खोली मिळत नाही. कडक रबराचा, दाट बटणांचा टायर सर्वांत चांगला.

६. कुठे आणि किती

मधली बटणे वेग घेताना आणि ब्रेक लावताना कामाला येतात, कडेची वळताना. गोल मैदानावर एकाच दिशेने शर्यत असेल तर सगळी वळणे डावीकडे असतात, म्हणून स्पर्धक डावी बाजू अधिक भरतात. रानवाटेवर किंवा तळ्यावर हुंदडायला दोन्ही बाजू सारख्या.

स्क्रू एकामागे एक सरळ रेषेत मारू नयेत. पुढच्या स्क्रूने चर पाडली की मागचा त्याच चरीतून मोकळा निघून जातो. नांगरलेल्या तासात पुन्हा नांगर घालण्यासारखेच ते. एका बटणात थोडा डावीकडे, पुढच्यात थोडा उजवीकडे, असे फिरते ठेवले की प्रत्येक स्क्रूला कोरा बर्फ मिळतो. बटणाच्या कडेच्या फार जवळ मारला तर बटण फाटते.

संख्येचा अंदाज: पुढच्या टायरवर १२० बटणे, प्रत्येकी एक स्क्रू. मागच्यावर १०० बटणे, त्यातल्या मधल्या ४० रुंद बटणांना दोन-दोन, उरलेल्या ६० ना एक-एक, म्हणजे १४०. एकूण २६०. एक स्क्रू दोन ग्रॅमचा धरला तर दोन्ही टायर मिळून अर्धा किलो वजन वाढले. शर्यतीच्या टायरवर याहून पुष्कळ जास्त असतात.

फक्त मागच्या टायरला स्क्रू मारून पैसे वाचवणे ही सर्वांत वाईट काटकसर. मागचे चाक घसरले तर गाडी शेपूट हलवते आणि अनेकदा सावरते. पुढचे घसरले की चालक खाली असतो. मागच्याला पकड आणि पुढच्याला नाही, अशा गाडीला वेग घेता येतो आणि वळता येत नाही.

७. बसवणे

टायर गाडीवर चढवण्याआधी, घरात उबेला ठेवून मऊ केलेला असावा. बॅटरीवरचे ड्रिल, त्याला पाव इंची षटकोनी सॉकेट, एका वाटीत साबणाचे पाणी. स्क्रूचे टोक पाण्यात बुडवायचे, बटणावर सरळ उभे धरायचे आणि ड्रिल सावकाश फिरवायचे. स्क्रू आत जाताना रबर त्याच्याभोवती किंचित फुगते. डोके टेकले की तो फुगवटा दबतो आणि डोक्याखाली छोटा खळगा दिसतो. तिथे थांबायचे. आणखी अर्धा फेरा दिला की हातातला जोर एकदम हलका होतो. आट्यांनी रबर कुरतडले, असा त्याचा अर्थ. तो स्क्रू कितीही घट्ट दिसला तरी पहिल्याच फेरीत उडणार. म्हणून ड्रिलचा क्लच सुरुवातीला कमीत कमी ठेवून हळूहळू वाढवतात. एका स्क्रूला दहा सेकंद धरले तर २६० स्क्रू पाऊण तासात होतात; पहिल्यांदा करणाऱ्याला संध्याकाळ पुरत नाही.

डोक्यावरच्या खाचेची दिशाही मोजून ठेवणारे असतात. कड आपल्या लांबीला आडव्या येणाऱ्या जोराला सर्वाधिक विरोध करते. त्यामुळे मधल्या बटणांवर खाच चाकाच्या दिशेला आडवी आणि कडेच्या बटणांवर चाकाच्या दिशेने, हे तत्त्वतः बरोबर. शर्यतीत सेकंदाचा हिशेब असतो तिथे ठीक आहे. हौसेखातर चालवणाऱ्याने २६० खाचा जुळवत बसण्यात अर्थ नाही.

८. आतली बाजू

ट्यूब घालण्यापूर्वी टायरच्या आतून कापसाचा बोळा सगळीकडे फिरवायचा. एखादे टोक नखाएवढेही वर आले असेल तर कापसाचा धागा त्याला अडकतो. हाताने चाचपणे नको, बोट कापते. असे टोक सापडले की तो स्क्रू काढून एक माप लहान घालायचा.

लांब स्क्रू मुद्दाम वापरायचे असतील तर ट्यूब आणि टायर यांच्यामध्ये अस्तर लागते. जुन्या, गुळगुळीत झालेल्या रस्त्याच्या टायरच्या बाजू कापून उरलेला पट्टा आत बसवणे हा प्रचलित उपाय. तो टायरला कडकपणा देतो आणि लांब स्क्रूला धरायला आणखी एक थर मिळतो. वजन वाढते, टायर रिमवर चढवणे जिकिरीचे होते आणि लिव्हरच्या घाईत ट्यूब चिमटली जाते ती याच वेळी. ट्यूबऐवजी भरीव फोमचे कडे घालणाऱ्यांना पंक्चरची चिंता राहत नाही.

९. इतर घराणी

बोल्ट आतून बाहेर काढून टोके बर्फाकडे ठेवण्याचाही एक प्रकार आहे. आत वायसर, बाहेर नट. त्याची खरी जागा स्पर्धेत आहे. बर्फावरच्या स्पीडवे शर्यतींचे वैयक्तिक जागतिक अजिंक्यपद १९६६ पासून भरते आणि पहिल्या वर्षी ते सोव्हिएत संघाच्या गब्द्राखमान कादिरोव यांनी जिंकले. या गाड्यांच्या टायरवर जवळजवळ तीन सेंटिमीटर लांबीचे अणकुचीदार खिळे असतात आणि गाडीला ब्रेक नसतात. खिळे इतके घातक की चाकांचा मोठा भाग मडगार्डने झाकावा लागतो. घरच्या गाडीसाठी हा नमुना नाही.

तिसरा प्रकार टंग्स्टन कार्बाइडच्या टोकाच्या तयार स्टडचा. काठिण्याच्या मोह्‌स मापावर बर्फ दीडच्या आसपास, कडक केलेले पोलाद साडेपाच-सहाच्या पुढे आणि टंग्स्टन कार्बाइड नऊच्या जवळ. वाटेत मधूनमधून दगड-माती लागत असेल तर साधा स्क्रू टिकत नाही, कार्बाइड टिकते.

पुण्या-मुंबईहून हिवाळ्यात स्पितीला जाणारे दुचाकीस्वार टायरला साखळ्या बांधतात, त्यामागेही हेच कारण आहे. त्या वाटेवर बर्फ आणि उघडा रस्ता आलटून-पालटून येतो. साखळी काढता-घालता येते, २६० स्क्रू नाही.

१०. बर्फावर जाण्यापूर्वी

स्क्रूचा टायर बर्फावर धरतो म्हणजे सगळीकडे धरतो, हा समज पहिल्याच दिवशी मोडतो. सिमेंटच्या ओट्यावर किंवा ट्रेलरच्या लोखंडी फळीवर पोलाद सरळ घसरते. गाडी चढवायला-उतरवायला लाकडी फळी किंवा जुना गालिचा लागतो. सार्वजनिक रस्त्यावर तर हे टायर नेऊच नयेत. मोटारींच्या प्रमाणित खिळेदार टायरनाही जर्मनीत १९७५ पासून बंदी आहे, मिनेसोटात तेथील रहिवाशांना ते वापरता येत नाहीत आणि ऑन्टारिओत फक्त उत्तरेकडे परवानगी आहे. रस्ता खरवडला जातो हे मुख्य कारण. घरी मारलेले स्क्रू तर कोणत्याच प्रमाणात बसत नाहीत.

फिरत्या चाकावरचे स्क्रू माणसाला करवतीसारखे कापतात. चाकामागचा भाग झाकणारे मडगार्ड आणि चालक पडताच इंजिन बंद करणारी, मनगटाला बांधायची दोरी, या दोन गोष्टी बहुतेक शर्यतींच्या नियमांत सक्तीच्या आहेत. हौसेने चालवणाऱ्याला त्या सक्तीच्या नाहीत, एवढाच फरक.

बर्फाची जाडी भोक पाडून मोजायची, डोळ्यांनी नाही. मिनेसोटाच्या नैसर्गिक संसाधन विभागाची जुनी मार्गदर्शक मापे स्वच्छ, नव्या बर्फासाठी अशी: पायी चालायला किमान ४ इंच, स्नोमोबाइल किंवा लहान चारचाकी एटीव्हीला ५ ते ७ इंच. पांढरा, हवा मिसळलेला बर्फ निम्म्याच ताकदीचा, म्हणून त्याची जाडी दुप्पट हवी. वर हिमाचा जाड थर असेल तर तो गोधडीसारखा खालचा बर्फ उबदार ठेवतो आणि तिथे तो पातळ असू शकतो. झरे, ओढ्याचे तोंड आणि पुलाखालची जागा टाळायची. एकट्याने जायचे नाही.

पहिल्या अर्ध्या तासानंतर थांबून प्रत्येक टायरवरून नजर फिरवायची. काही स्क्रू हमखास उडालेले असतात. त्याच भोकात ८ नंबरच्या जागी १० नंबरचा घातला की धरतो. आणि तळ्याच्या काठावर, बर्फ संपून जिथे खडी दिसू लागते, तिथे गाडी उचलून ठेवायची. खडीवरचे चार-दोन फेरे डोक्याची धार घालवायला पुरेसे असतात.